आडवे केलेले ड्रम

शेवरवाडीच्या ग्रामपंचायतीत गोजरबाईचा एक फोटो लावलेला आहे. पदर खोचलेला, हातात मुसळ, पायाशी फुटलेली मडकी. तो हातभट्टीच्या वेळचा. तेव्हा गावाबाहेर ओढ्याकाठी गावठी दारू निघायची. गोजरबाईनं बाया गोळा केल्या, घराघरातली मुसळं बाहेर काढली आणि पिपातलं गुळाचं आंबलेलं पाणी सरळ ओढ्यात आडवं केलं. पोलीस पोचले तेव्हा रिकामी पिपं आणि ओली जमीन एवढंच उरलं होतं. पंचनाम्यात लिहायला काही सापडलं नाही म्हणून भट्टीवाला सुटला, पण भट्टी उठली ती उठलीच. नुकसान म्हणाल तर एकच झालं. गोजरबाईच्या नवऱ्याचा, कचरूचा, बैल त्या दुपारी ओढ्याचं पाणी प्याला आणि दिवस मावळेपर्यंत मांडवातल्या मामासारखा झुलत राहिला. ही गोष्ट गावात सगळ्यांत जास्त कचरूच सांगतो. त्या सगळ्या प्रकरणात त्याच्या वाट्याला आलेलं श्रेय तेवढंच.

यंदा माघात तालुक्याच्या ठाण्यातले साहेब गावात आले आणि त्यांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली. बाहेरचे लोक बंद पडलेले कोंबड्यांचे शेड भाड्यानं घेतात, म्हणाले, आणि आत नशेची पावडर तयार करतात. ती शहरात जाते, पोरं तिच्यापायी दात पाडून घेतात, झोप विसरतात, घरातली भांडी विकतात. प्रत्येक गावानं समिती करावी. कुठं मांजराच्या मुतासारखा, नाकात टोचणारा वास आला तर फोन करावा. "पण आत जाऊ नका, कशाला हात लावू नका," असं त्यांनी दोनदा बजावलं. ते सांडलं तर माणूस जाईल आणि पुरावाही जाईल.

सरपंच सर्जेरावला समित्या फार आवडतात, कारण समिती म्हटलं की फोटो आला. त्यानं तिथल्या तिथं गोजरबाईला अध्यक्ष केलं आणि नारळ दिला. गोजरबाईनं नारळ घेतला, हसली, फोटोसाठी नीट उभी राहिली. मांजराच्या मुताचा तो वास ती दिवाळीपासून रोज धुवत होती. तिच्या पोराच्या, हरिओमच्या शर्टाला तो यायचा.

हरिओम राधेश्यामच्या शेडवर कामाला होता, जाता-येता तोंडाला रुमाल बांधायचा, आणि ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. राधेश्याम जालन्यात राहायला गेला, त्याच्या कोंबड्या रोगानं मेल्या, आणि माळावरचं ते लांबडं शेड त्यानं कुणा परगावच्या माणसांना दिलं. आत गुरांचं औषध बनतं, असं गावाला सांगितलं होतं. गावानं ते मानलं, कारण न मानायला कुणाला फुरसत नव्हती. कापूस वेचायचा होता.

गोजरबाईनं मानलं त्याचं कारण वेगळं. हरिओमला मुलगी मिळत नव्हती. शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा पिऊन उठत, आणि उठताना 'कळवतो' म्हणत. त्यांच्या 'कळवतो'चा अर्थ आता कचरूलाही कळू लागला होता. शेडवर लागल्यावर मात्र पिंपळगाव रेणुकाईचं एक स्थळ आपण होऊन आलं. मुलगी प्रियदर्शनी, शिकलेली, बापाची एकुलती. बापानं विचारलं, पोरगा काय करतो? कचरू म्हणाला, कंपनीत आहे. त्या एका शब्दासरशी चहाबरोबर पोहेसुद्धा खाल्ले गेले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी गोजरबाई ओढ्यावर धुणं घेऊन बसली. हरिओमचा शर्ट दगडावर आपटला तर त्याची बाही तिच्या हातात आली. फाटली नाही, भिजलेल्या कागदासारखी सुटून आली. तिनं शर्ट पिळला नाही, तसाच गोळा करून बादलीत टाकला आणि घरी आली. हरिओम ओसरीवर फोन बघत पडला होता. तिनं त्याचा हात धरून उजेडात ओढला. बोटांची सालं निघाली होती, खाली गुलाबी कातडं दिसत होतं.

"कोन्त्या गुरांचं औषध बनून राह्यलं रे तिथं?"

हरिओमनं हात काढून घेतला. "मला काय माहीत? मी फाटकावर बसतो. गाडी आली की ड्रम उतरवू लागतो."

"सभेत काय सांगितलं, कळलं ना तुला?"

"कळलं."

"मंग?"

"मंग काय, माय? सोडून देऊ? ते सोडू देतील का? अन सोडलं तर तिकडं काय सांगशील, पोरगा पुन्हा कपाशीत गेला?"

गोजरबाईनं त्याला मारलं नाही. एवढ्या दांडग्या पोराला मारायचं म्हणजे आधी त्याला खाली बस म्हणावं लागतं. ती चुलीपुढं गेली आणि भाकरी थापू लागली. त्या दिवशी भाकऱ्या जाड झाल्या. कचरूनं त्या न बोलता खाल्ल्या, कारण जाड भाकरीचं कारण विचारलं की पुढची भाकरी करपते, हे त्याला संसारानं शिकवलं होतं.

समितीत सखूबाई होती. ती इंद्रभान मेंढक्याची बायको. त्यांचा कळप दरवर्षी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या की गोजरबाईच्या रानात बसायचा. मेंढ्या रात्रभर रानात बसतात, लेंड्या-मूत रानाला पोचतं, त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. गोजरबाई ही ज्वारी आधीच द्यायची, पायली शिगोशीग भरून, वर एक ओंजळ. इतर लोक मेंढ्या उठल्यावर देतात आणि देताना पायलीवरून हात फिरवतात. या एका ओंजळीवर दोघींचा जिव्हाळा टिकून होता. हातभट्टी फोडताना सखूबाई गोजरबाईच्या उजव्या हाताला होती. फोटोत मात्र तिचा निम्मा चेहराच आला आहे.

समितीच्या बैठकीत सखूबाईनंच तोंड उघडलं. माळावर मेंढ्या चारताना शेडकडून तसलाच वास येतो, पांढरी गाडी येते, तिला मागं काच नाही, पत्रा आहे. बाकीच्या बायांनी गोजरबाईकडं पाहिलं. गोजरबाई म्हणाली, मग फोन केला पाहिजे. दुसरं काय म्हणणार? सर्जेरावनं तिथंच फोन लावला. साहेब म्हणाले, उद्या दुपारी जिल्ह्यावरून रसायनाचा जाणकार घेऊन येतो, तोवर कुणी तिकडं फिरकू नका.

घरी येईपर्यंत गोजरबाईचा हिशेब पुरा झाला होता. पोलीस आले की फाटकावरचा माणूस आधी धरणार. आतले पळतील, त्यांना गाड्या आहेत. हरिओमला फक्त चपला आहेत. शेडमध्ये माल सापडला तर पोरगा गेला, प्रियदर्शनी गेली, घराची अब्रू गेली. माल सापडला नाही तर? भट्टीवाला कसा सुटला होता? ड्रम आडवे झाले की पंचनाम्यात लिहायला राहतं काय? तिनं हरिओमला त्याच संध्याकाळी अंकुशनगरला मावशीकडं पाठवलं. मावशीचा नवरा कारखान्यावर होता. ऊसतोडीच्या दिवसांत तिथं एक माणूस जास्त असला तर कुणाच्या नजरेत येत नाही.

सकाळी ती मुसळ घेऊन निघाली आणि दारोदार हाक देत गेली. पोलीस येतील, शेडवाल्यांशी चहा पितील, मिटवून जातील, आपणच निकाल लावू, असं तिनं सांगितलं. चांगुणाबाईला दम्याचा त्रास, पण हातभट्टीच्या वेळी ती बाळंतपणामुळे हुकली होती. आता नातवंडं खेळवायची सोडून तीसुद्धा आली. सखूबाई मेंढ्यांच्या वाड्याच्या दाराशी कळप बाहेर काढत होती.

"अक्का, साहेब तर म्हनले, हात लावू नका."

"मागच्या टायमालाबी असंच म्हनले होते."

"तव्हा गूळ होता."

"अन आता काय, साखर आहे? चल जल्दी. तू न्हाई आलीस तर बाया माघारी फिरतील."

सखूबाईनं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग इंद्रभानला मेंढ्या घेऊन पुढं हो म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

शेडवरची माणसं बायांचा घोळका बघून पळाली. त्यांना बहुधा आधीच सुगावा लागला होता, कारण पांढरी गाडी मागच्या दारी लागलेली होती आणि पावडरीच्या पिशव्या तिच्यात चढल्या होत्या. फाटक उघडंच राहिलं. आत कोंबड्यांच्या जुन्या पिंजऱ्यांमध्ये निळे ड्रम होते, काचेची भांडी होती, नळ्या होत्या, आणि कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धं जेवण. वरण-भात. ते बघून चांगुणाबाई म्हणाली, मेल्यांना जेवूसुद्धा दिलं नाही आपण.

मुसळ लागलं तसं भांडं फुटलं. ड्रम जड होते, एकेकाला दोघी-तिघी लागल्या. गोजरबाईनं पहिला ड्रम खांदा लावून पाडला. आतलं पाणी जमिनीवर पसरलं, पण गुळाच्या पाण्यासारखं मुरलं नाही. फेस धरला, शेडच्या उताराला लागलं आणि दाराबाहेर वाट काढत ओढ्याकडं निघालं. मग वास उठला. तो नाकातून आत गेला नाही, नाकच घेऊन गेला. दोघीजणी दारात ओकल्या. चांगुणाबाईला उचलून बाहेर आणावं लागलं. सखूबाई डोळे मिटून ओरडत होती, पुरे, पुरे. गोजरबाई एकटी आत राहिली. पदर तोंडाला बांधून तिनं उरलेले ड्रम एकेक करून आडवे केले. शेवटचा पाडला तेव्हा त्यातलं तिच्या दोन्ही हातांवर सांडलं. आधी गार वाटलं.

दुपारी साहेब आले. त्यांनी आत एक नजर टाकली आणि रुमाल नाकाला लावून बाहेर आले. बायांना दवाखान्यात न्यायला गाडी मागवली. मग गोजरबाईच्या हातावर स्वतः पाणी ओतता ओतता म्हणाले, "बाई, माल त्यांनी नेला अन बाकीचं तुम्ही सांडलं. मी आता पकडू काय, वास?"

जाणकारानं मातीचे नमुने घेतले, भांड्यांचे तुकडे घेतले. एवढ्यावर गुन्हा दाखल होईल, म्हणाला, पण माणसं हाती लागायला त्यांना पाहिलेला माणूस लागेल. राधेश्याम फोनवर म्हणाला, मी शेड दिलं, नाव-पत्ता त्यांनी दिला तो लिहून घेतला. तो पत्ता कुठल्याच गावात नव्हता. साहेबांनी विचारलं, इथं फाटकावर गावातलाच कुणी बसायचा म्हणतात, कोण? बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कुणी म्हणालं, तोंडाला रुमाल असायचा. कुणी म्हणालं, आम्ही कशाला बघतो. गोजरबाई हात धूत राहिली. सखूबाईनं त्या हातांकडं पाहिलं आणि ती म्हणाली, मला मेंढ्यांपुढं माणसं दिसत न्हाईत, साहेब.

दवाखान्यातून सगळ्या धडधाकट परत आल्या, तेवढं बरं झालं. सर्जेरावनं तोवर पेपरवाल्याला फोन केला होता.

मेंढ्यांना हे काही माहीत नव्हतं. इंद्रभान त्यांना सकाळीच माळाच्या पलीकडं घेऊन गेला होता, आणि उन्हं डोक्यावर आली की कळप नेहमीप्रमाणं ओढ्याच्या खालच्या डोहावर उतरला. पुढच्या मेंढ्या आधी प्याल्या, गाभण होत्या त्या अधाशासारख्या प्याल्या. मागच्यांनी तोंड लावलं तोवर पुढच्यांचे पाय दुमडायला लागले. इंद्रभाननं काठी आडवी घालून राहिलेल्यांना मागं रेटलं, ओरडला, दगड मारले. तहानलेली मेंढी दगडाला भीत नाही. संध्याकाळी सखूबाई दवाखान्यातून थेट डोहावर गेली, तर इंद्रभान एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात ताक ओतत बसला होता. ताक बाहेर येत होतं. निम्मा कळप डोहाच्या कडेला आडवा पडला होता.

गुरांच्या डॉक्टरनं मेलेल्या मेंढ्या पुरायला लावल्या. कातडंसुद्धा घेऊ नका, म्हणाला. कुणी ओढ्याचं पाणी वापरू नये म्हणून सर्जेरावनं दवंडी दिली आणि टँकर मागवला. त्याच आठवड्यात पेपरात फोटो आला, मुसळं घेतलेल्या बायांचा, वर मोठ्या अक्षरात 'शेवरवाडीच्या रणरागिणी'. सत्कार झाला. गोजरबाईला शाल मिळाली. तिच्या हातांना पट्ट्या होत्या म्हणून शाल सर्जेरावनंच तिच्या खांद्यावर नीट बसवली, फोटोवाल्याचं होईपर्यंत धरून ठेवली. सखूबाई सत्काराला आली नाही. ज्यांचं जनावर जातं त्यांना सुतक नसतं, पण ती आली नाही.

गुन्ह्याचा धुरळा खाली बसला तसा हरिओम परत आला. पिंपळगावच्या पाहुण्यांनी पेपर वाचला होता. अशी धाडसी सासू मिळाली म्हणून मुलीचा बाप खूष होता, साखरपुड्याच्या कुंकवाचा मुहूर्त बघा म्हणून त्याचा निरोप आला. कचरू म्हणाला, बघ, तुझ्या मुसळानं दोन कामं केली. तिनं हातावरची पट्टी पुन्हा घट्ट केली. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

पऱ्हाट्या उपटून झाल्या. रान मोकळं झालं, कळप बसायचे दिवस आले. एका सकाळी सखूबाई डोक्यावर पोतं घेऊन ओसरीशी आली आणि तिनं ते उतरवलं. गोजरबाईनं यंदा आधीच दिलेली ज्वारी होती.

"कशात ओतू?" सखूबाई म्हणाली.

"अगं, ऱ्हाऊ दे की. कळप लहान झाला म्हणून काय झालं, बसव तेवढाच."

"कशात ओतू ते सांग. पोतं आमचं आहे."

गोजरबाईनं इकडंतिकडं पाहिलं. जवळ खुंटीला सत्काराची ती शाल होती, तीच तिनं ओसरीवर अंथरली. सखूबाईनं पोतं उलटं केलं. दाणे शालीवर पसरले, वरच्या त्या ओंजळीसकट. सखूबाईनं पोतं झटकलं आणि घडी घालून काखेत धरलं. ती लगेच गेली नाही.

"हे परवा तिकडं डोंगराच्या अंगाला गेल्ते, चाऱ्याला," ती म्हणाली. हे म्हणजे इंद्रभान. "तिकडं एक बंद शेड आहे. तोच वास. तीच गाडी, मागं पत्र्याची."

"मंग साहेबाला सांगावं."

"सांगितलं. साहेब गेले तर शेड रिकामं. आता कुठं गेले कुणाला माहीत. त्यांचे चेहरे आम्ही पाह्यले न्हाईत, पळताना नुस्त्या पाठी." सखूबाईनं पोत्याची घडी पुन्हा नीट केली. "हरिओम रोज पाहायचा."

घरात हरिओम जेवत होता. ताटाचा आवाज थांबला.

"तुला ठाऊक होतं?" गोजरबाईनं विचारलं.

"माळावर मी रोज असते, अक्का. रुमाल बांधला म्हणून चाल बदलते का? तू मुसळ घेऊन दारात आलीस तव्हाच समजले, पोरासाठी चालली. म्हणून तर आले. माझा पोरगा असता तर मीबी गेले असते." ती जायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "नुस्तं म्हनली असतीस, पोरासाठी आहे सखू. मी मेंढ्या आधी ओढ्याच्या वरच्या अंगाला लावल्या असत्या."

एवढं बोलून ती गेली. तिचा आवाज चढला नव्हता. बाजाराचा दिवस सांगावा तसं तिनं सांगितलं. गोजरबाई शालीवरच्या ज्वारीपुढं बसली आणि त्यातले खडे वेचू लागली. ज्वारी तिनंच निवडून दिलेली होती, तिच्यात खडे नव्हते. तिच्या बोटांचं नवं कातडं अजून गुलाबी होतं, दाणे टोचत होते. तिला त्या सकाळचं सखूबाईचं पाहणं आठवलं, पदर खोचण्याआधीचं. तिनं तेव्हा घाई केली होती.

ती उठून आत गेली. हरिओम ताटावर तसाच बसला होता.

"जेव," ती म्हणाली.

"माय, मी काही बोल्लो तर ते मला सोडणार न्हाईत. अन साहेबबी न्हाई."

"जेव आधी."

"अन पिंपळगाव?"

"त्याहिला मी सांगन. तू पोटभर जेव. तिथं कव्हा मिळंल ते सांगता येत न्हाई."

कचरू दारात आला होता. त्यानं दोघांकडं पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "मी येऊ का?" त्यानं विचारलं. गोजरबाई म्हणाली, टँकर येईल, पाणी भरून ठेवा. मग जाता जाता म्हणाली, "ती ज्वारी पायलीनं मोजून इंद्रभानच्या वाड्यावर नेऊन ठेवा. घेतली न्हाई तर दारात ठेवा."

"अन ओंजळ?"

"वर दोन."

हरिओमनं हात धुतले, चपला घातल्या. दोघं ओढ्याच्या वाटेनं सडकेला लागले. डोहाच्या कडेला नव्या मातीचा लांब ढिगारा होता, त्यावर काट्या टाकलेल्या होत्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. हरिओम तिथं मान खाली घालून चालला. गोजरबाई म्हणाली, वर बघून चाल.

ठाण्यात तिला सगळे ओळखत होते. हवालदारानं खुर्ची पुढं केली, रणरागिणी आल्या म्हणाला, चहा सांगितला. तिनं खुर्ची घेतली नाही.

"काय काम काढलं मावशी? पुन्हा कुठं मुसळ चालवायचं आहे का?"

"त्या दिवशी सगळे ड्रम आडवे केले," गोजरबाई म्हणाली, "एक घरात राह्यला होता. त्याला घेऊन आले. हा माझा पोरगा, हरिओम. शेडच्या फाटकावर बसायचा. सगळ्यांचे चेहरे त्यानं पाह्यलेत."

हवालदार आधी हसला. मावशी गंमत करतात असं त्याला वाटलं. मग त्यानं टेबलावर टेकलेली हरिओमची बोटं पाहिली, आणि त्याच्या शेजारी पदर धरलेली गोजरबाईची. दोन्हीकडं सारखंच गुलाबी कातडं होतं. त्यानं चहाचे कप बाजूला सारले आणि आत साहेबांना हाक मारली.